बटण दाबायच्या आधीचे फोटो

ओढ्याच्या पाण्यात पांढरा घोळदार झगा घालून एक मुलगी उभी होती, आणि काठावरून एक माणूस तिला ओरडून सांगत होता, "मान थोडी वर करा की! नवऱ्याकडं बघा, कॅमेऱ्याकडं नको!"

पूर्णिमा झाडीतून धावतच खाली आली. अंगात वन खात्याचा खाकी शर्ट, गळ्यात दुर्बीण, हातात वही.

"ओ! बंद करा ते. हितं घरटं हाय."

"कुणाचं घर?"

"घर न्हाई, घरटं. धनेशाचं. मादी आत कोंडून घेऊन बसलीया. तुम्ही असा दंगा केला तर नर येणार न्हाई. नर आला न्हाई तर ती उपाशी मरंल."

त्या माणसानं कॅमेरा खाली घेतला. तिशीच्या आतबाहेरचा, दाढी दोन दिवसांची, खिशात कुणाची तरी लग्नपत्रिका दुमडून ठेवलेली. तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात डोक्यावरून आवाज आला. कॅसलरॉकचा घाट चढणाऱ्या इंजिनासारखा, धापा टाकत. झूं... झूं... त्यानं कॅमेरा वर उचलला आणि बटण दाबलं. टर्र्र्र्र...

मग त्यानं पडद्यावर बघितलं. आभाळ. आभाळ. एक फांदी. पुन्हा आभाळ.

"गेलं," तो म्हणाला.

"जाणारच. तुम्ही बटण मागनं दाबलंत."

"सेकंदाला तीस फोटो निघतात ह्यात."

"मग तीस आभाळं आली," पूर्णिमा म्हणाली आणि हसली. लगेच तिला स्वतःचाच राग आला. रागवायला आली होती ती, हसायला नाही.

त्याचं नाव सुदेश. रामनगरला त्याचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, साखरपुडे, आणि आता हे लग्नाआधीचे ओढ्यातले फोटो. पुढच्या रविवारी तो एकटाच आला. मातकट शर्ट घालून आला होता आणि रेंज ऑफिसची परवानगीची चिठ्ठी खिशात होती. पूर्णिमानं ती चिठ्ठी दोनदा वाचली. चूक सापडली नाही.

"खोपीत बसायचं. हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई," ती म्हणाली.

"शिंक आली तर?"

"गिळायची."

नंदिगड्ड्याच्या पुढं तिचं गाव. गावापासून अर्ध्या तासाच्या चालीवर एक जुनं बेहड्याचं झाड, आणि त्याच्या खोडात उंचावर ढोली. जानेवारी सरता सरता धनेशाची मादी त्या ढोलीत शिरली होती आणि आतून तिनं दार लिंपून घेतलं होतं. उरली होती फक्त दोन बोटांची फट. त्या फटीतून नर तिला भरवायचा. गळ्यात साठवून आणलेली उंबरं एकेक करून चोचीच्या टोकावर आणायचा आणि आत द्यायचा. पूर्णिमा झाडापासून चाळीस पावलांवर, काठ्यापाल्याच्या खोपीत बसून ते मोजायची. किती वाजता आला, किती फळं दिली, केव्हा गेला. सगळं वहीत.

हे तिचं चौथं वर्ष. मागच्या वर्षी दुसऱ्या एका झाडावरचा नर अचानक यायचा बंद झाला. तिसऱ्या दिवशी मादीनं भिंत फोडली आणि ती उडून गेली. पिल्लू आतच राहिलं. त्याचं ओरडणं पूर्णिमानं एक अख्खा दिवस ऐकलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी ते ऐकू आलं नाही. तेव्हापासून नर यायला थोडा जरी उशीर झाला तरी ती मिनिटामिनिटाला घड्याळ बघायची.

सुदेश नीट बसला. शिंकला नाही. फक्त कुजबुजायचा.

"आधीच्या कॅमेऱ्यात सेकंदाला बाराच निघायचे. पंख एक तर वर, नाहीतर खाली. मधलं काही हाताला लागायचं नाही. तीस निघाले की त्यात एखादा तरी मधला मिळतोय."

"मग दाबूनच ठेवा की बटण."

"तसं चालत नाही ओ. तीन-चार सेकंदांत ह्याचं पोट भरतं. मग खरं पाखरू येतं आणि हा नुसता गप्प."

"म्हणजे पंगत बसायच्या आधीच चिवडा खाऊन बसलेला वऱ्हाडी."

तो आवाज न करता हसला. खोपीच्या काठ्या तेवढ्या हलल्या.

तीन रविवार असे गेले. त्याला हवा तसा फोटो काही मिळाला नाही. एकदा शेपूट कापलं गेलं, एकदा मध्ये फांदी आली. एकदा सगळं बरोबर होतं, पण पंखच वाकडा दिसत होता, चुलीजवळ ठेवलेल्या मेणबत्तीसारखा. "आवाज नको म्हणून असं काढायला लागतंय," त्यानं समजावलं. "कॅमेरा फोटो वरनं खाली वाचत येतो. तेवढ्यात पंख पुढं गेलेला असतो." पूर्णिमाला त्यातलं अर्धंच कळलं. पण ती दर वेळी विचारायची, आणि तो दर वेळी सांगायचा.

तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, "ह्यात एक गंमत हाय. बोट अर्धं दाबून ठेवलं की हा आधीपासनं गुपचूप काढत असतो. पूर्ण दाबलं की त्याच्या आधीच्या अर्ध्या सेकंदाचे पंधरा फोटोसुद्धा ठेवतो."

"म्हणजे तुम्ही काढायच्या आधीचे?"

"होय की. माणसाला कळायच्या आधीचे."

हे बोलताना तो झाडाकडं बघत नव्हता. पूर्णिमानं घाईनं दुर्बीण डोळ्यांना लावली आणि बराच वेळ बघत राहिली. दुर्बिणीची टोपणं काढलीच नव्हती, हे तिला नंतर कळलं... त्यालाही कळलं असणार.

त्या आठवड्यात ती जोयड्याला कामाला गेली होती, तिथं तिनं एक ओढणी घेतली. तपकिरी. तपकिरी म्हणजे जंगलात चालेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. काठाला बारीक बारीक आरसे लावलेले होते, पण ते बारीकच होते.

रविवारी सकाळी सुदेशनं तिच्याकडं एकदा बघितलं आणि मग खोपीच्या छपराकडं बघत म्हणाला, "आज काही हाय काय?"

"काय असायचंय? रविवार हाय."

"तसं नव्हं... बरं."

पावणेनऊला झूं झूं आवाज आला. नर समोरच्या झाडावर उतरला. गळा फुगलेला, चोचीत एक उंबर. "तिकडं... डावीकडं," पूर्णिमानं पुढं वाकून बोट दाखवलं. खोपीच्या तोंडाशी उन्हाची तिरीप आली होती. नर झेपावला, ढोलीकडं सरळ आला, अगदी जवळ...

टर्र्र्र्र!

नर हवेतच वळला. दोन प्रचंड पंख, पिवळी चोच, शेपटीचा काळा पट्टा. डोंगराच्या पलीकडं गेला, आणि आवाजही गेला.

ढोलीच्या फटीतून मादीच्या चोचीचं टोक बाहेर आलं. थोडा वेळ तसंच राहिलं. मग आत गेलं.

"आवाज चालू होता तुमचा," पूर्णिमा म्हणाली. तिचा स्वतःचाच आवाज फुटत होता.

सुदेशनं कॅमेरा उलटा करून बघितला. त्याचा चेहरा उतरला. "काल लग्न होतं. लग्नात आवाज मुद्दाम लावायला लागतो. न्हाईतर बायका विचारतात, काढलास का नाही रे? ... बंद करायचा राहिला."

"राहिला!"

"पूर्णिमा, मी..."

"जावा तुम्ही. हितनं जावा."

तो गेला. ती बसून राहिली. दुपार झाली, नर आला नाही. ऊन कलायला लागलं, नर आला नाही. दिवस मावळेपर्यंत चार वेळा मादीची चोच बाहेर आली आणि आत गेली. वहीच्या रकान्यात पूर्णिमानं चार वेळा शून्य लिहिलं.

सोमवारी उजाडायच्या आत ती पुन्हा खोपीत होती. सात वाजले. नऊ वाजले. लांबून कुठूनतरी इंजिनासारखी धाप ऐकू आली आणि तिनं दुर्बीण उचलली, पण ती खरीच आगगाडी होती. अकराला ती उठली. पाय बधिर झाले होते. घरी जाऊन दोन घास खाऊन परत यायचं, एवढंच डोक्यात होतं.

अंगणात तिचे वडील, वासू, काजूच्या बिया निवडत बसले होते. त्यांच्या समोर पाटावर बसून सुदेशही बिया निवडत होता.

"हे कशाला आलेत?" पूर्णिमानं वडिलांना विचारलं.

"मला काय म्हाईत? सकाळधरनं बसलाय. बोलतबी न्हाई. बिया मातर चांगल्या निवडतो."

"आला काय तो?" सुदेशनं उभं राहत विचारलं.

"न्हाई."

तो परत खाली बसला. त्याच्या हातातली बी निसटली, ती त्यानं उचलली, आणि चांगल्या ढिगात टाकायची ती फुटक्या ढिगात टाकली.

"मला ते फोटो बघायचेत," पूर्णिमा म्हणाली. "रेंज ऑफिसला लिहून द्यायचं हाय. काय झालं, कुणामुळं झालं."

"माझ्यामुळं झालं म्हणून लिही."

"वेळ पायजे. सेकंदासकट."

"पावणेनऊ. लिही की तू. माझं नाव घाल, स्टुडिओचं घाल."

"कॅमेरा द्या."

"त्यात काय बघण्यासारखं नाही, पूर्णिमा. नेहमीसारखंच, अर्धं आभाळ."

तिनं हात पुढं केला तो मागं घेतला नाही. सुदेशनं कॅमेरा पिशवीतून काढला, तिच्या हातात दिला आणि शेवटचा फोटो लावून दिला. "हितनं मागं जा. पंधरा-वीस बघितलेस की झालं."

ती बघत गेली. नर पाठमोरा. नर वळताना. नर वळायच्या बेतात, एक पंख वर, एक खाली, वाकडा. तीस फोटो म्हणजे एक सेकंद, हे तिला आता पाठ होतं. ती मोजत मोजत मागं जात होती. एका फोटोवर कोपऱ्यात छोटी खूण होती. बटण दाबलं गेलं ते इथं. आवाज झाला तो इथं.

"बास झालं," सुदेश म्हणाला.

तिनं अजून एक फोटो मागं नेला. अजून एक. आवाज व्हायच्या आधीचे फोटो. आणि तिचा अंगठा थांबला.

नराची मान आधीच वळलेली होती. तो कॅमेऱ्याकडं बघत नव्हता. ढोलीच्या बाजूला, बेहड्याच्या खोडावर बघत होता. तिथं चार-पाच कवडसे होते. गोल, छोटे, पांढरे. पुढच्या फोटोत ते बोटभर खाली. त्याच्या पुढच्यात फटीवर. पूर्णिमानं फोटो मागं-पुढं केले तसे ते कवडसे खोडावर पळायला लागले, मादीच्या दारावरून, नराच्या छातीवरून, त्याच्या डोळ्यावरून.

जंगलात असलं काही चमकत नाही.

ती पायरीवर बसली.

"माझी ओढणी," ती म्हणाली. "तो तुमच्या आवाजानं न्हाई वळला. आधीच वळला होता."

सुदेशनं पुढची बी उचलली.

"तुम्हाला म्हाईत होतं."

"काल दुपारी बघितलं. घरी जाऊन."

"मग सकाळधरनं हितं बसून बिया काय निवडालाय? सांगायचं न्हाई?"

"काय सांगू? तू मला शिव्या देत होतीस, ते बरं चाललं होतं की," तो म्हणाला. "मला काय, मी रामनगरचा फोटोग्राफर. माझ्याकडनं चूक झाली तर लोक म्हणतील, ह्याला काय कळतंय जंगलातलं. तुझं तसं नाही. मला सांगितलेलं ते मागल्या वर्षीचं पिल्लू तू अजून विसरली नाहीस... ह्या एकाला पण तू जन्मभर उराशी धरून बसली असतीस."

पूर्णिमानं तोंड फिरवलं. वासू बियांकडंच बघत होते. त्यांनी वर बघितलं नाही, पण त्यांचे हात थांबले होते.

"एक विचारू?" सुदेश हळू आवाजात म्हणाला. "रोज तर ती जुनी मातकट ओढणी असते. काल आरशांची का घातलीस?"

"तो येऊ दे आधी," ती म्हणाली. "तो आला न्हाई तर ह्या जन्मात मला ते विचारू नका."

ती परत खोपीत गेली. दुपारी नर आला नाही. संध्याकाळी आला नाही.

दिवेलागणीला भाताचं ताट तिच्यासमोर तसंच राहिलं. वासूंनी आपलं ताट बाजूला सारलं.

"तुझी आय गेली तवा," ते म्हणाले, "मी एकेक दिवस उलटा मोजत गेलो. मंगळवारी दवाखान्यात नेलं. सोमवारी का न्हाई नेलं? रविवारी ती म्हणाली, पाठ दुखतीया, तर मी म्हणालो, शेत भांगलून दुखत असंल. अजून मोजतो. चूक घावली की बरं वाटत असंल म्हणतीस? न्हाई वाटत. पर मन जातंयच मागं."

"अप्पा, उद्यापण तो आला न्हाई तर?"

"तर न्हाई आला. पर तू एकटी बसू नको. मी एकटाच बसलो हुतो, त्येच्यानं काय हुतंय ते मला म्हाईत हाय." त्यांनी तिच्या ताटात ताक वाढलं. "त्या पोराला मी सांगितलंय उद्या पहाटे ये म्हणून. तुला इचारलं न्हाई. राग आला तर माझ्यावर काढ."

तिला राग आला नाही. तिनं भात खाल्ला.

मंगळवारी पहाटे सुदेश आला तेव्हा पूर्णिमा वडिलांचा जुना शर्ट घालून उभी होती. कानात काही नाही, हातात काही नाही. घड्याळसुद्धा तिनं काढून खिशात टाकलं होतं. सुदेशनं पट्ट्याचं बक्कल कापडानं गुंडाळलं होतं. ते बघून तिला हसू येणार होतं, पण आलं नाही.

"कॅमेऱ्याचा आवाज?"

"बंद. तीनदा बघितलं. रस्त्यात थांबून अजून एकदा बघितलं."

दोघं खोपीत बसले. उजाडलं. ढोलीच्या फटीत मादीची चोच दिसली, पण आज ती बाहेर येऊन थांबली नाही. ती फटीच्या काठावर आपटायला लागली. टक्... टक्... लिंपलेल्या मातीचा एक ढपला सुटला आणि खाली वाळक्या पानांवर पडला.

पूर्णिमानं सुदेशचा हात धरला. तिला कळलंही नाही.

"काय झालं?"

"भिंत फोडालीया."

"म्हणजे?"

"म्हणजे ती वाट बघायचं सोडालीया."

टक्. अजून एक ढपला. सुदेश झाडाकडं बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. तो काय म्हणत होता ते तिनं विचारलं नाही. सात वाजले असतील, साडेसात असतील. खिशातलं घड्याळ काढायला तिचा एक हात मोकळा होता, पण तो हलेना. टक्. फट आता तीन बोटं झाली होती.

तेवढ्यात चोच थांबली.

आधी मादीला कळलं. मग पूर्णिमाला. लांब, डोंगराच्या मागून, धाप. आगगाडी असेल... आगगाडीच असणार. पण आगगाडी जवळ येत नाही, आणि हा आवाज जवळ येत होता. झूं... झूं...

"बटण दाब," पूर्णिमा कुजबुजली.

"तू हात सोडलास तर दाबतो."

तिनं हात सोडला. नर नेहमीच्या झाडावर बसलाच नाही. तो पलीकडच्या बाजूनं, वरून आला, एक मोठी फेरी मारली, अजून एक मारली. खोडाकडं मान वाकडी करून बघितलं. खोडावर फक्त साल होती. मग त्यानं पंख मिटले आणि तो ढोलीच्या तोंडाशी बिलगला. सुदेशचं बोट दाबलेलं होतं. कसलाच आवाज झाला नाही.

"निघाले काय फोटो?"

"काय म्हाईत. बघू मागनं."

नरानं मान वर झटकली. गळ्यातून एक उंबर चोचीच्या टोकावर आलं, आणि आतून मादीनं ते घेतलं.

"एक," पूर्णिमा म्हणाली. डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी मोजायचं तर होतंच. "दोन. तीन... चार."

सुदेशनं कॅमेरा मांडीवर ठेवला.

"पाच... सहा... तू येणार होतास म्हणून... सात."

"काय म्हणालीस?"

"सात म्हणाले."

"त्याच्या आधी."

"सहा."

"मधलं, मधलं काय म्हणालीस?"

"गप बस, मला मोजू दे. आठ... ओढणीचं विचारलंस न्हाई का काल? ... नऊ... तू येणार होतास म्हणून घातली. जोयड्याच्या बाजारात तासभर उभी होते मी, एका ओढणीसाठी. दुकानदार कंटाळला... धा."

"अकरा," सुदेश म्हणाला, कारण अकरावं तिच्याकडून निसटलं होतं. "आणि मी चार रविवार फोटो काढायला आलो नव्हतो. म्हणजे आलो होतो, पण..."

"बारा."

"पूर्णिमा, मोजायचं थांब की जरा."

"नोकरी हाय माझी."

"मग मोजत मोजत ऐक. मला रोज यायचंय. दर रविवारी नाही, रोज. म्हणजे इथं नाही... म्हणजे इथं पण. अप्पांना काल विचारलं मी."

"काय?" तिनं वळून त्याच्याकडं बघितलं. "काय विचारलंस?"

"की विचारू काय म्हणून."

"आणि अप्पा काय म्हणाले?"

"म्हणाले, बिया चांगल्या निवडतोस."

तिनं तोंडावर हात दाबला. जंगलात मोठ्यानं हसायचं नाही, हा नियम तिनंच घातला होता. हसू दाबता दाबता तिचं डोकं त्याच्या खांद्याला लागलं आणि तिथंच राहिलं. समोर नर देतच होता, देतच होता. दोन दिवसांची भूक होती ती.

थोड्या वेळानं नर उडाला. पंखांचा आवाज डोंगरापलीकडं विरला. ढोलीत मादीनं आतूनच फट लिंपायला घेतली होती.

"किती झाले?" पूर्णिमानं विचारलं.

"मला वाटलं तू मोजालीस."

चार वर्षांत पहिल्यांदा तिचा आकडा चुकला होता. तिनं वही उघडली. वेळ लिहिली. फळांच्या रकान्यापाशी पेन्सिल थोडा वेळ थांबली. रेंज ऑफिसमधला माणूस ह्यावर लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढणार, हे तिला माहीत होतं. तरी तिनं आकड्याच्या जागी लिहिलं... पुष्कळ.